सुऱ्याचं कव्हर, फोटोचं कव्हर

माणसं पुस्तक चाळून, पारखून, विचार करून घरी नेतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक महिना माझ्या खुर्चीवर बसून बघावं. मी तिथं एकतीस वर्षं बसतेय. कंबर गेली, गुडघे गेले, धुळीनं नाक कायमचं चोंदलं. एवढ्या वर्षांत माणसं पुस्तक कसं निवडतात हे मात्र पाठ झालं, आणि ते काही फार अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

आमचं वाचनालय कोल्हापुरातल्या एका पेठेत, तालमीच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली पोरं जोर-बैठका मारतात आणि वर आमची लाकडी कपाटं थरथरतात. अकरा कपाटं, दोन पंखे, त्यातला एक फिरतो. सकाळी पेपर वाचायला म्हातारे येतात, संध्याकाळी पुस्तक बदलायला बायका आणि निवृत्त माणसं. कार्यकारिणीही आहे, ती बैठकीला, चहाबरोबर दिसते. बाकी झाडण्यापासून रजिस्टरापर्यंत सगळं माझ्याकडे. नेमणुकीच्या पत्रावर ‘ग्रंथपाल’ असं लिहिलंय, पण लोक मला नुसतं बाई म्हणतात.

तर कव्हरं. नाव सांगून पुस्तक मागणारा वाचक मला महिन्यातून एखादा भेटतो. बाकीचे म्हणतात, “बाई, ते निळं द्या, होडीचं,” नाहीतर “ती पाठमोरी बाई आली का परत?” पाठमोऱ्या बाईची आमच्याकडे सात पुस्तकं आहेत. कोणती पाठमोरी, असं विचारलं की वेणीवाली की अंबाड्याची यावर चर्चा सुरू होते. कवितेच्या पुस्तकावर वाळकं पान असतं, म्हणून ते कुणी नेत नाही. की कुणी नेणार नाहीच म्हणून वाळकं पान छापतात, हे मला अजून कळलेलं नाही. टाय लावलेला हसरा माणूस असला की कॉलेजची पोरं नेतात आणि दुसऱ्या दिवशी आणून देतात, बहुतेक यशस्वी होऊन. लाल रंग धावतो. लाल रंगावर सुरा असला तर विचारूच नका. पिवळट कागदावर लेखकाचा चष्म्यातला फोटो असेल, तर ते पुस्तक मी सेवानिवृत्त होईपर्यंत जागचं हलत नाही. वरून कीर्तन आणि आतून तमाशा असलं तरी माणसं वरचं बघूनच आत जातात.

आमच्याकडे पूर्वी कव्हरं नव्हतीच. नवं पुस्तक आलं की आधी बाइंडरकडे जायचं, कारण हातोहात फिरणारं पुस्तक कच्च्या शिलाईवर सहा महिनेही टिकत नाही. बाइंडर कव्हर फाडून टाकायचा, पानं शिवायचा, जाड पुठ्ठा घालून वर काळं रेक्झिन चढवायचा. सगळी पुस्तकं सारखी. मग वाचक काय करणार? मला विचारायचे. “बाई, काहीतरी चांगलं द्या.” आणि मी द्यायची. त्या काळात मी खरोखर वाचत होते. मग कार्यकारिणीतले एक सभासद म्हणाले, ही कपाटं कोर्टाच्या दप्तरासारखी दिसतात. ठराव झाला की मूळ कव्हर जपून काढायचं आणि पुठ्ठ्यावर परत चिकटवायचं. तेव्हापासून कपाटात रंग आला आणि मला विचारणं बंद झालं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या सुमाराला सासूबाईंचं दुखणं, मुलाची दहावी, माझा रक्तदाब, सगळं एकदम होतं. एक काम कमी झालं म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला, आणि हळूहळू माझं वाचनही सुटलं.

तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी एक गृहस्थ जिना चढून आले. सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक, पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. मी टेस्टरकडे बघितलं तसं ते हसले. वीज मंडळात वायरमन होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सवय जात नाही म्हणाले. मूळचे नेसरीकडचे, आता कळंब्याला मुलाकडे राहत होते. त्यांनी कापडी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं.

“आमच्या मंडळीवर लिवलंय,” ते म्हणाले. मंडळी म्हणजे बायको. “आठ वर्सं अंथरुनावर हुती. एक बाजू गेलती, वाचा गेलती. मी समदं केलो. भाकरी करायला बी शिकलो. ते लिवलंय. कुनी वाचलं तर बरं वाटंल.”

पुस्तक त्यांनी स्वतःच छापून घेतलं होतं. कव्हर बघितलं आणि मला पुढचं सगळं कळून चुकलं. मध्यभागी बायकोचा फोटो, गोल चौकटीत. भोवती झेंडूची फुलं, मागे ढग, ढगांतून येणारे किरण. वर मोठ्या अक्षरांत तिचं नाव, तेच पुस्तकाचं नाव. आमच्या चौकात एका बाजूला वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात आणि दुसऱ्या बाजूला श्रद्धांजलीचे. हे हुबेहूब दुसऱ्या बाजूचं होतं. उत्तरकार्याच्या दिवशी जेवून निघालेल्या पाहुण्यांच्या हातात आरत्या-अभंगांची लहान पुस्तिका देतात ना, गेलेल्या माणसाचा फोटो छापलेली, तशीच.

“फ्लेक्सवाल्याकडनंच करून घेतलो,” ते कौतुकाने म्हणाले. “फोटू एवडा एकच हाय तिचा, नीट असा. भाचीच्या लग्नातला. कव्हरावर दुसरं कायबी नको म्हटलो. तीच पायजे.”

हे कव्हर बघून कुणी पुस्तक नेणार नाही, हे त्यांना तिथंच सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही. “छान आहे. वाचते मी,” असं म्हणून पुस्तक ठेवून घेतलं. वाचलं नाही. खरं कारण सांगते: तो फोटो मला बघवत नव्हता. आमच्याही घरात तसे दोन फोटो आहेत, रोज दिवा लावताना समोर येतात. दिवसभर पुस्तकांत बसून आलेल्या बाईला घरी जाऊन आणखी एक आजारपण वाचायचं नव्हतं.

पुस्तक इतर सत्तरेक नव्या पुस्तकांबरोबर बाइंडिंगला गेलं, परत आलं, मी लेबल लावलं आणि चरित्रांच्या कपाटात ठेवलं. हे कपाट माझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे. त्या दिवसापासून ते गृहस्थ दर गुरुवारी येऊ लागले. कळंब्याहून बसने यायचे, जिना चढून दम खायचे, मग कपाटाशी जायचे. आपलं पुस्तक काढायचे, पालथं करायचे आणि मागचं पान तेवढं उघडायचे. आमच्याकडे शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक कुणी नेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का बसतो. ती कोरी असायची. ते पुस्तक मिटायचे, फोटोवरून एकदा हात फिरवायचे, परत ठेवायचे. पुढून कधी उघडायचे नाहीत. स्वतःचं पुस्तक, त्यांना ते तोंडपाठच होतं, आणि चारचौघांत आपलंच पुस्तक उघडून वाचत बसायची त्यांना लाज वाटत असावी. नंतर माझ्या टेबलासमोर बसून चहा घ्यायचे. पुस्तकाबद्दल कधी बोलायचे नाहीत. पावसाबद्दल, बसबद्दल, खालच्या तालमीतल्या पोरांबद्दल बोलायचे आणि जायचे.

मी काही अगदीच दगड नाही. दोनचारदा ते पुस्तक लोकांच्या हातात द्यायचा प्रयत्न केला. आमच्या एक सभासद आहेत, बसस्टँडजवळ खानावळ चालवतात. मोठं कुंकू, मोठा आवाज. दर सोमवारी खानावळीला सुट्टी असते तेव्हा येतात. त्यांना फक्त खुनाच्या गोष्टी लागतात आणि कव्हरावर रक्त दिसल्याशिवाय त्या पुस्तकाला हात लावत नाहीत. सासू चार वर्षं अंथरुणाला खिळलेली, हे मला माहीत होतं. म्हणून त्यांना म्हटलं, हे घेऊन बघा, चांगलं आहे. न वाचताच म्हटलं.

त्यांनी पुस्तक बोटांच्या टोकांत धरलं. “मेलेल्या बाईचा फोटू घरात कशाला न्यायचा ओ बाई? आमची म्हातारी बघितली तर हाय खाईल. ते लाल द्या की, ते सुऱ्याचं.”

सुऱ्याचं लाल पुस्तक त्याच सत्तरांतलं होतं. लाल कव्हर, चकाकता सुरा, त्यावर एक थेंब, मागे बाईचा अर्धा चेहरा. ते आल्या दिवसापासून बसलं नव्हतं. एक परत आणतोय तोवर दुसरा न्यायला उभा. चिठ्ठी भरली म्हणून मी तिच्यावर दुसरी चिकटवली. त्या सोमवारीही ते बाहेरच होतं, त्यामुळे खानावळवाल्या बाई दुसरं काहीतरी घेऊन गेल्या.

आता मागे वळून बघितलं की हसावं की रडावं कळत नाही, कारण लोक मला सांगत होते. एक बँकेतले निवृत्त गृहस्थ ते परत देताना म्हणाले, “शेवट फार वाईट आहे हो.” मी म्हटलं, “असतो अशा पुस्तकांचा.” एका मुलीने विचारलं, “बाई, यात खून कधी होतो? साठ पानं झाली.” मी रजिस्टरातून मान वर न करता म्हणाले, “पुढं वाच, होईल.” काही जण दुसऱ्या दिवशीच आणून द्यायचे, काही जण मुदत संपली तरी द्यायचे नाहीत. कुणी तक्रार केली नाही. पुस्तक कळलं नाही तर दोष आपलाच, असं समजणारी भाबडी माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत. आणि मी न वाचलेल्या पुस्तकांवर मान डोलावण्यात पटाईत झाले होते.

मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस खानावळवाल्या बाईंना ते लाल पुस्तक एकदाचं मिळालं. पुढच्या सोमवारी त्या आल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत.

“बाई, ह्यात खून न्हाई की ओ.”

“नाही?”

“तीन दिवस वाट बघितलो मी. म्हटलं, आता कोन तरी मारंल त्या बाईला. नवराच मारनार असं वाटलं, एवडं करतोय म्हंजे काळंबेरं असनार. तर न्हाईच. नुसतं तिला न्हाऊ घालतोय, वेनी घालतोय, भाकरी कुस्करून भरवतोय. वेनी घालाय येत न्हाई म्हनून शेजारच्या पोरीकडनं शिकतोय.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “शेवटाला मी रडलो बघा. आनि म्हातारीला हाक मारून उगंच तिच्याजवळ बसलो. ह्या पावन्याचं दुसरं पुस्तक हाय काय?”

भाकरी भरवणाऱ्या नवऱ्याचं ऐकलं आणि मला वायरमन गृहस्थांचं बोलणं आठवलं. त्या गेल्यावर मी लाल पुस्तक उघडलं. आमच्याकडे बाइंडिंगला देण्याआधी वाचनालयाचा शिक्का एक्कावन्नाव्या पानावरही मारतात आणि तिथं पुस्तकाचा नंबर लिहितात, म्हणजे कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं. तिथं वायरमन गृहस्थांच्या पुस्तकाचा नंबर होता, माझ्याच अक्षरात. मग चार पावलं चालत चरित्रांच्या कपाटाकडे गेले आणि फोटोचं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर एका बंद बंगल्यात प्रेत सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाइंडरकडे गेले. आमचा बाइंडर म्हातारा आहे, हात अजून पक्का आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. त्याची कामाची एक रीत आहे. सगळ्या पुस्तकांची कव्हरं आधी काढून एका गठ्ठ्यात ठेवतो, सगळी पानं शिवून घेतो, मग एकेक कव्हर बसवतो. शिलाई धरून राहावी म्हणून पहिली दोन पानं खळ लावून आतल्या कोऱ्या कागदाला चिकटवूनच टाकतो. म्हणजे पुस्तकाचं नाव छापलेलं पान गेलं कायमचं आत. कोणतं कव्हर कोणाचं, हे तो ओळखतो जाडीवरून.

“दोनी सारकीच जाड हुती,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात अपराधीपणा अजिबात नव्हता. “मी काय वाचत बसतोय व्हय बाई? उघडून बघायचं काम तुमचं हाय की.”

होतं माझंच. बाइंडिंगहून आलेलं प्रत्येक पुस्तक उघडायचं, पानं तपासायची, एक्कावन्नावं पान बघायचं आणि मगच लेबल लावायचं, असा नियम आहे आणि तो नियम मीच कधीतरी केला होता. त्या दिवशी सत्तर पुस्तकं होती. गुडघ्यात कळा येत होत्या. मी कव्हरं बघून लेबलं लावली.

वायरमन गृहस्थांना लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खानावळवाल्या बाईंनी परत केलेलं ते लाल पुस्तक, मी बाइंडरकडून परतले त्याच संध्याकाळी, एक जण मागायला आला आणि मी देऊन टाकलं. पुस्तकच बाहेर गेलंय, आता काय करणार, असं स्वतःला सांगता आलं. मला सेवानिवृत्तीला चौदा महिने उरले होते. कार्यकारिणीला कळलं असतं तर एरवी चहा पिऊन जाणारी माणसं एकदम नियम वाचायला बसली असती. आणि सांगणार तरी काय? तुमचं पुस्तक तुफान वाचलं जातंय, फक्त ते तुमचं आहे हे कुणाला माहीत नाही? त्यानंतर चार गुरुवार ते गृहस्थ आले. चार वेळा त्यांनी खुनाच्या गोष्टीचं मागचं पान उघडून कोरी चिठ्ठी बघितली, फोटोवरून हात फिरवला आणि माझ्यासमोर बसून चहा घेतला. मी बघत राहिले. माझी मलाच शिसारी आली होती, पण तोंड उघडत नव्हतं.

पाचव्या गुरुवारी ते कपाटाकडून परत आले तेव्हा पुस्तक त्यांच्या हातात होतं.

“बाई, हे मी घरी न्हेऊ का? तीन वर्सं झाली. न्हाई कोन न्हेत. तुमची जागा तर मोकळी हुईल.”

“बसा,” मी म्हटलं. “तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

लाल पुस्तक त्या दिवशी सकाळीच परत आलं होतं, टेबलावरच होतं. मी ते त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. बाइंडर, जाडी, चिकटवलेली पानं, न तपासता लावलेली लेबलं. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, लाल पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावरच्या चार ओळी ओठ हलवत वाचल्या. आपलंच आहे याची खात्री झाल्यावर त्यांनी पुस्तक पालथं केलं आणि मागची चिठ्ठी बघितली. वरची चिठ्ठी बोटाने उचलून खालची बघितली. दोन्ही शिक्क्यांनी भरल्या होत्या. त्यांनी प्रत्येक शिक्क्यावर बोट ठेवलं, एक ओळ संपली की दुसरी, अगदी सावकाश. मी दुसरीकडे बघत राहिले.

“हे समदे वाचले?”

“सगळेच नसतील. पण पुष्कळांनी वाचलं.”

“काय म्हनाले?”

मला जे आठवत होतं ते सांगितलं. बँकेतल्या गृहस्थांना शेवट वाईट वाटला, हे ऐकून त्यांनी मान हलवली. खानावळवाल्या बाई तीन दिवस खुनाची वाट बघत होत्या आणि त्यांना तुमचाच संशय आला होता, हे सांगितल्यावर ते हसायला लागले. एवढे हसले की खोकला आला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मी त्या रडल्या हे सांगितलं, सासूजवळ जाऊन बसल्या हेही. तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

“आपण हे दुरुस्त करू,” मी म्हटलं. “तुमचं कव्हर तुमच्या पुस्तकाला लावून घेते.”

“मग परत कोन न्हेनार न्हाई.”

“नाहीतर नवं कव्हर करू. चांगल्या चित्रकाराकडून. तुमचं नाव मोठं घालू.”

“आनि त्येच्यावर काय काढनार? तिचा फोटू चालत न्हाई. आनि तिला सोडून ह्यात हायच काय?” त्यांनी फोटोच्या कव्हरावर हात ठेवला. “एवडा फोटू सोडवून द्या मला. ती येऊं दे घरला. पुस्तक ऱ्हाऊ दे तसंच, सुऱ्यात. नाव न्हाई माझं तर न्हाई. मानसं वाचाय लागल्यात, त्येंचं तोंड कशाला फिरवायचं?”

मी ब्लेड घेतलं आणि पुठ्ठ्यावरून कव्हर हळूहळू सोडवायला लागले. खळ जुनी होती, सुटत गेली. ते समोर बसून बघत होते. एका कोपऱ्यावर झेंडूची दोन फुलं फाटली, तेव्हा त्यांनी “असू दे” म्हटलं. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला हलकं वाटत होतं. कार्यकारिणीला सांगायला नको, चौकशी नको, खुनाच्या गोष्टीला साधं रेक्झिन चढवलं की झालं. म्हातारा भला माणूस आहे, थोडक्यात निभावलं, असंच मनात येत होतं. सुटलेलं कव्हर मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. त्यांनी ते पिशवीत ठेवलं, उठले, जिन्यापर्यंत गेले आणि तिथं थांबले.

“बाई, एक इचारू? फोटूच्या पुस्तकात खुनाची गोष्ट हाय, हे तुमाला त्या खानावळीतल्या बाईनं सांगितल्यावरच कळलं?”

“हो.”

“त्येच्या आदी न्हाई.”

ते कशाकडे चाललेत हे मला तेव्हा उमगलं. मी खुर्चीवरून उठले.

“मला वाटायचं, बाकी कुनी न्हाई तरी तुमी वाचलासा,” ते म्हणाले. राग नव्हता, बसची वेळ सांगावी तसं सांगत होते. “तुमी म्हटलासा की, वाचते म्हनून. दर गुरवारी हितं बसून चा घेताना वाटायचं, ह्या बाईला आपलं समदं म्हाईत हाय. न्हानं, भाकरी, समदं. आता काय बोलायची गरज न्हाई. म्हनून तर यायचो मी. चिठ्ठी काय, ती कोरीच असायची.”

ते कठड्याला धरून, एकेक पायरी बघत खाली उतरले.

त्या दिवशी लाल पुस्तक मी माझ्या नावावर लावून घरी नेलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं. पुढच्या गुरुवारी सांगायचं म्हणून काय काय ठरवून ठेवलं होतं. ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत. पुस्तक परत फिरतीवर गेलंय, तिसऱ्या चिठ्ठीवर शिक्के पडतायत. मी एकदा कळंब्याची बस धरून तिथं उतरले, तेव्हा लक्षात आलं, की तीन वर्षं दर गुरुवारी समोर बसवून चहा पाजला, पण कळंब्यात ते नेमके राहतात कुठं हे मी कधी विचारलंच नव्हतं.